समोरच्या जोरदार वाऱ्यात हलकं विमान अगदी हळू उडवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भरपूर वारा असलेल्या दिवशी एखादं छोटं विमान वाऱ्याकडे तोंड करून आकाशात जागच्या जागी थांबलेलं दिसतं. कधीकधी तर ते मागे सरकतं. खालून बघणाऱ्यांचा डोळ्यांवर विश्वास बसत नाही, आणि नव्याने उडायला शिकणाऱ्यांना ते कधी एकदा करून बघतो असं होतं. त्यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे आहेत.

विमान हवेत एका जागी उभं राहतं, हे खरं आहे का?

खरं आहे. विमानाला दोन वेग असतात. भोवतालच्या हवेतून ते किती वेगाने पुढे सरकतंय तो हवेतला वेग, आणि खालच्या शेताझाडांवरून किती वेगाने पुढे सरकतंय तो जमिनीवरचा वेग. समोरून वारा असेल तर हवेतल्या वेगातून वाऱ्याचा वेग वजा करायचा. उरतो तो जमिनीवरचा वेग. विमान ३५ नॉटने उडतंय आणि समोरून ३५ नॉटचाच वारा येतोय, तर वजाबाकी शून्य. वारा ४० नॉटचा झाला की विमान नाक पुढे ठेवूनच ५ नॉटने मागे जाईल. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. नदीच्या प्रवाहाविरुद्ध पोहणारा माणूस जोरात हात मारूनही काठावरच्या एकाच झाडासमोर राहतो, तसंच हे.

पुढे जातच नाही, मग पडत कसं नाही?

कारण पंखाला जमिनीशी काही देणंघेणं नसतं. पंखावरून हवा किती वेगाने आणि कोणत्या कोनात वाहते, एवढ्यावरच त्याची उचल ठरते. ती हवा विमान पुढे गेल्यामुळे वाहिली की वाऱ्याने आणून दिली, पंखाला दोन्ही सारखंच. जमिनीवरचा वेग शून्य झाला म्हणून स्टॉल, म्हणजे पंखाची उचल एकदम ढासळणं, होत नाही. पंखाचा समोरच्या हवेशी असलेला कोन एका मर्यादेपलीकडे गेला, की वरून वाहणारी हवा पंखाला धरून राहत नाही, सुटते, आणि तेव्हा स्टॉल होतो. सर्वसाधारण पंखात ही मर्यादा १५ ते १८ अंशांच्या आसपास असते.

या पानावरचं जवळजवळ प्रत्येक उत्तर इथूनच निघतं. वारा कितीही जोराचा असो, एकसारखा असेल तर उडणाऱ्या पंखाला तो जाणवतही नाही. जाणवतो तो वाऱ्यातला बदल. म्हणून हवामानाची माहिती घेताना ‘वारा किती आहे’ एवढं विचारून थांबू नये. ‘किती बदलतोय’ हा प्रश्न त्याहून मोठा.

हे वेड कधीपासूनचं?

विमानाच्या पहिल्या दिवसापासूनचं. १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेतल्या किटी हॉकजवळच्या वाळूवर ऑरव्हिल राइट पहिल्यांदा उडाले, तेव्हा विमानाने १२ सेकंदांत १२० फूट कापले, म्हणजे सेकंदाला १० फूट. पळणारा माणूस त्याच्या पुढे गेला असता. पण समोरून सेकंदाला सुमारे ३५ फुटांचा वारा होता, म्हणून हवेतला वेग सेकंदाला ४५ फूट होता, साधारण २७ नॉट. निवांत हवेत तेवढ्याच वेळात विमान ५४० फूट गेलं असतं, हा हिशेब खुद्द ऑरव्हिल यांनी मांडला होता. राइट बंधूंनी जागा निवडताना वारा पाहिला होता तो याचसाठी: जमिनीवर कमी वेग लागला की धाव कमी लागते आणि काही बिनसलं तर आदळणंही हळू होतं.

त्या दिवसाचा शेवट मात्र फारसा कुणी सांगत नाही. चौथ्या उड्डाणात ५९ सेकंदांत ८५२ फूट गेल्यावर विमान जमिनीवर उभं असताना वाऱ्याच्या एका झोताने ते उलटंपालटं केलं, आणि त्या वर्षीचं उड्डाण तिथेच संपलं. हवेत ज्या वाऱ्याने मदत केली त्यानेच जमिनीवर विमान मोडलं. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

कोणत्या विमानांना हे जमतं?

ज्यांचा स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाही तो वेग, कमी, त्यांना. पायपर जे-३ कब हे ६५ अश्वशक्तीचं, दोन माणसांचं, कापडी आवरणाचं विमान पूर्ण वजनाला सुमारे ३३ नॉटपर्यंत तग धरतं. एकटा वैमानिक आणि अर्धी टाकी असेल तर आणखी कमी. झेनिथ सीएच ७०१ सारखी मुद्दाम आखूड धावपट्टीसाठी बनवलेली विमानं २६ नॉटच्या आसपास जातात. १९३६ मध्ये पहिल्यांदा उडालेलं जर्मन फीझलर श्टॉर्ख ताशी ५० किलोमीटरवर, म्हणजे २७ नॉटवर, आरामात तरंगायचं. चांगल्या वाऱ्यात ते जवळजवळ उभं खाली उतरायचं.

यात सगळ्यात थक्क करणारं विमान अँटोनोव्ह एएन-२. एकावर एक अशा दोन पंखांचं, १,००० अश्वशक्तीचं, डझनभर माणसं नेणारं हे धूड १९४७ मध्ये पहिल्यांदा उडालं. त्याच्या माहितीपुस्तिकेत स्टॉलचा वेग दिलेलाच नाही. रात्री किंवा ढगात इंजिन बंद पडलं तर कंट्रोल पूर्ण मागे ओढा आणि पंख सपाट ठेवा, असा सल्ला आहे. वेग ताशी ६४ किलोमीटरच्या आसपास आला की पंखाच्या पुढच्या कडेच्या सरकत्या पट्ट्या, म्हणजे स्लॅट, आपोआप बाहेर येतात आणि विमान पॅराशूटच्या गतीने खाली येतं.

कब सोडलं तर या विमानांचं गुपित मुख्यतः स्लॅट आणि फ्लॅपमध्ये आहे. पंखाच्या पुढच्या कडेजवळ एक अरुंद फट ठेवली की खालची वेगवान हवा त्या फटीतून वर येते आणि पंखाच्या वरच्या पृष्ठभागावर दमलेल्या प्रवाहाला नवा जोर देते. त्यामुळे हवा सुटण्याआधी पंखाला बराच जास्त कोन घेता येतो. मागच्या कडेचे फ्लॅप पंखाचा बाक वाढवतात, म्हणजे तेवढ्याच वेगात उचल जास्त.

सेसना १७२ वर जमेल का?

तत्त्वतः हो. पूर्ण फ्लॅप आणि पूर्ण वजन असताना १७२ एस या मॉडेलचा दुरुस्त केलेला, म्हणजे वेगाच्या काट्यातली चूक काढून टाकलेला, स्टॉलचा वेग ४८ नॉट आहे. म्हणजे जागेवर थांबायला समोरून ५० नॉटहून जास्त वारा हवा. एवढा वारा धावपट्टीवर असेल तर विमान शेडमधून बाहेरच काढू नये. पण वर वारा बरेचदा खालच्यापेक्षा खूप जास्त असतो, त्यामुळे जमिनीवर १५ नॉट आणि ३,००० फुटांवर ४५ नॉट अशा दिवशी १७२ सुद्धा माणसाच्या चालीने पुढे सरकताना दिसू शकते.

वेगाच्या काट्यावर विश्वास ठेवावा का?

अगदी हळू उडताना पूर्ण नाही. याच १७२ एस च्या वेगाच्या तबकडीवर पूर्ण फ्लॅप असतानाच्या स्टॉलची खूण असलेली पांढरी पट्टी ४० नॉटला सुरू होते, आणि दुरुस्त केलेला आकडा ४८ आहे हे वर आलंच. तब्बल ८ नॉटचा फरक. नाक एवढं वर असतं की वेग मोजण्यासाठी समोरची हवा घेणाऱ्या पिटो नळीत हवा तिरकी शिरते, शिवाय स्थिर दाब मोजणाऱ्या छिद्राजवळचा दाबही बदलतो. दोन्ही मिळून काटा कमी दाखवतो. म्हणून कुणी ‘मी हे विमान ३० नॉटवर उडवलं’ असं सांगितलं, की तो आकडा काट्यावरचा की दुरुस्त केलेला, हे आधी विचारावं.

आत बसल्यावर कसं वाटतं?

आधी शांतता जाणवते. इंजिन चांगलंच घुमत असतं, पण वाऱ्याचा घोंघाट कमी होतो. नाक वर गेल्यामुळे समोरचं क्षितिज दिसेनासं होतं, म्हणून बाजूच्या खिडकीतून पंखाचं टोक आणि क्षितिज यांच्यातल्या कोनावर नजर ठेवावी लागते. स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, हातात सैल, लोण्यातून फिरवल्यासारखी लागते. आधी दोन बोटं हलवली की विमान वळायचं, आता अर्धी स्टिक ढकलूनही ते विचार करत बसतं. रडरला, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीच्या उभ्या झडपेला, मात्र पाय लागतोच. कॉकपिटमधून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या पंख्याच्या विमानात नाक सतत डावीकडे ओढतं, त्यामुळे उजवा पाय दाबलेला राहतो.

मग स्टॉल जवळ आल्याचा इशारा देणारा भोंगा. जुन्या सेसना विमानांत डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं. पंखाचा कोन वाढला की तिथला दाब कमी होतो, आतली हवा ओढली जाते आणि वाटेतली पातळ पट्टी पिपाणीसारखी वाजू लागते. त्यात वीज नाही, बॅटरी नाही. स्टॉल जवळ येईल तसा तिचा सूर चढत जातो, आणि थोड्या सरावाने तो सूर ऐकूनच पंखाची स्थिती कळते. मला हे यंत्र विमानातल्या कुठल्याही पडद्यापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतं.

आणि खाली बघितलं की आपली सावली एकाच बांधावर खिळलेली दिसते.

हळू उडायला उलट जास्त शक्ती का लागते?

वेग कमी झाला की तेवढीच उचल मिळवायला पंखाला मोठा कोन घ्यावा लागतो, आणि त्या कोनामुळे हवेचा अवरोध झपाट्याने वाढतो. एका ठराविक वेगाच्या खाली गेलं की जितकं हळू जाल तितकं इंजिन जास्त लागतं. इथे नेहमीच्या सवयी उलट्या पडतात. उंची कमी होतेय म्हणून नाक आणखी वर केलं तर वेग अजून पडतो, अवरोध अजून वाढतो आणि विमान जास्तच खाली बसतं. इथून सुटायचं तर नाक थोडं खाली आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा, पुढे. दोन्ही एकत्र.

यात इंजिन तापतं का?

तापू शकतं. शक्ती जास्त आणि सिलिंडरवरून वाहणारी हवा कमी, हे हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला मानवत नाही. तेलाचं तापमान बघत राहा आणि मधूनमधून नाक खाली करून वेग घ्या.

मग खरा धोका कुठे आहे?

वाऱ्याच्या चढउतारात. समजा स्टॉलचा वेग ३८ नॉट आहे, तुम्ही ४२ नॉटवर आहात आणि समोरून ३५ नॉटचा वारा आहे. जमिनीवरचा वेग ७ नॉट. आता वारा एका क्षणात २५ नॉटवर आला. विमानाला वजन आहे, ते जमिनीच्या संदर्भात लगेच वेग घेऊ शकत नाही. क्षणभर ते ७ नॉटनेच पुढे जातंय आणि समोरून वारा फक्त २५, म्हणजे पंखावर ३२ नॉट. स्टॉल. तुम्ही काहीच चुकीचं केलेलं नाही, तरीही.

हाच वारा सतत ३५ चा राहिला असता तर दुपारभर निवांत उभं राहता आलं असतं. म्हणून ‘३५ नॉट, स्थिर’ हा दिवस मी ‘२० नॉट, झोत ३५’ या दिवसापेक्षा कधीही पसंत करेन, जरी ऐकायला दुसरा सौम्य वाटला तरी. स्टॉलच्या वेळी रडर चुकीचा असेल तर एक पंख आधी पडतो आणि विमान गिरकी घेतं. पुरेशी उंची असेल तर त्यातून बाहेर पडता येतं, नसेल तर नाही.

वाऱ्याकडे पाठ करून वळलं की वेग जाऊन विमान स्टॉल होतं, असं ऐकलंय.

हा वाद फार जुना आहे. स्थिर वाऱ्यात असं होत नाही. विमान हवेच्या एका मोठ्या सरकत्या साठ्यात वळतं. त्या साठ्याच्या आत ते पूर्वेकडे वळलं काय आणि पश्चिमेकडे वळलं काय, पंखाला फरक कळत नाही. उंचीवर, ढगांच्या वर, एकसारख्या वाऱ्यात पूर्ण गोल फिरून बघा. वेगाचा काटा जागचा हलत नाही.

पण अशा वळणांत अपघात होतात, हेही तितकंच खरं, आणि ते जमिनीजवळ होतात. त्यामागे दोन कारणं दिसतात. पहिलं डोळ्यांचं. ४० नॉटच्या वाऱ्यात जागेवर उभं असलेलं विमान वळून वाऱ्यासोबत निघालं की जमिनीवरचा वेग शून्यावरून ८० वर जातो. झाडं भरभर मागे पळू लागतात, ‘फार वेगात आहोत’ असं वाटतं, हात नकळत थ्रॉटल मागे घेतो किंवा स्टिक ओढतो. वारा विमानाला बाजूला सरकवत असल्याने वळण घसरतंय असाही भास होतो आणि पाय चुकीचा रडर दाबतो. दुसरं कारण हवेचं: जमिनीजवळून वर जाताना वारा वाढत जातो. पाठीशी वारा घेऊन चढणाऱ्या विमानाला प्रत्येक पायरीवर जास्त जोराचा पाठचा वारा मिळतो, आणि तेवढा वेग खरोखरच गळतो.

जागेचाही हिशेब ठेवा. मिनिटात १८० अंश अशा सावकाश वळणात ४० नॉटचा वारा विमानाला सव्वा किलोमीटर वाहून नेतो. वळणाचा तिरकेपणा वाढवून ते टाळायला जाल तर स्टॉलचा वेग वाढतो: ४५ अंशांना सुमारे १९ टक्के, ६० अंशांना ४१ टक्के.

अशा वाऱ्यात उतरताना काय बदलतं?

चांगली बाजू आधी. आदळण्याची ऊर्जा जमिनीवरच्या वेगाच्या वर्गावर ठरते. वेग निम्मा झाला की ऊर्जा एक चतुर्थांश. त्यामुळे समोरचा स्थिर वारा ही उतरणाऱ्या छोट्या विमानासाठी देणगीच आहे.

पण धावपट्टीच्या जवळ येताना वारा जमिनीला घासून मंदावतो. २०० फुटांवर ३० नॉट असलेला वारा जमिनीजवळ १८ वर आलेला असू शकतो, आणि झाडांची रांग किंवा शेड असेल तर आणखी खाली. शेवटच्या काही सेकंदांत १०-१२ नॉट असे हातातून जातात. म्हणून सर्वसाधारण शिकवण अशी: झोत आणि सरासरी वारा यांच्यातला जो फरक असेल त्याच्या निम्म्याने आपला उतरण्याचा वेग वाढवायचा. वारा २० आणि झोत ३० असेल तर ५ नॉट जास्त. ‘वारा भरपूर आहे, आणखी हळू येऊ’ हा मोह इथे सोडून द्यावा. हळू येण्याचं काम वारा स्वतःच करतोय, तुम्ही पंखाचा वेग जपा.

उतरलो, आता सुटलो ना?

नाही. माझ्या मते अवघड भाग इथेच सुरू होतो. रिकाम्या जे-३ कबचं वजन साधारण ३४५ किलो, भरलेल्याचं ५५० च्या वर. भरलेलं विमान ३३ नॉटवर उचलणारा पंख रिकामं विमान २६-२७ नॉटवरच उचलू शकतो. आणि शेपटीचं चाक जमिनीवर टेकवून उभं असलेलं विमान नाक वर करूनच उभं असतं, म्हणजे पंखाला उचलीसाठी लागणारा बराचसा कोन तयारच आहे. अशा वाऱ्यात उभं केलेलं कब म्हणजे उडू पाहणारं विमान, फक्त आत वैमानिक नाही.

त्यामुळे इंजिन बंद होईपर्यंत, किंबहुना दोर बांधून होईपर्यंत उड्डाण चालू आहे असं धरा. चालत्या माणसाच्या गतीने टॅक्सी करा, म्हणजे विमान जमिनीवर चालवा. वारा समोरून तिरका असेल तर स्टिक वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे तिकडच्या पंखाच्या मागच्या कडेची झडप, एलेरॉन, वर राहते आणि तो पंख दाबला जातो; शेपटीला चाक असलेल्या विमानात स्टिक मागेही ओढलेली. वारा मागून तिरका येत असेल तर स्टिक पुढे आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला. वाऱ्याकडे पाठ करून वळण्याचा क्षण सगळ्यात नाजूक. तिथे दोन्ही पंखांच्या आधाराला माणसं चालवणं हा साधा आणि उत्तम उपाय आहे. माणसं नसतील तर धावपट्टीवरच वाऱ्याकडे तोंड करून थांबा आणि मदत मागवा. त्यात काहीही कमीपणा नाही.

मागे जाताना जीपीएस उणे वेग दाखवतो का?

नाही. तो वेग धनच दाखवतो, दिशा मात्र उलटी. नाक पश्चिमेला आणि जीपीएसचा बाण पूर्वेला, असं दिसलं की तुम्ही मागे चालला आहात. शून्य दाखवत असेल तर त्या उंचीवरचा वारा तुमच्या खऱ्या हवेतल्या वेगाइतकाच आहे, म्हणजे वारा मोजण्याची ती एक चांगली पद्धतही आहे.

जाताना गेलेला वेळ येताना भरून निघतो ना?

भरून निघत नाही, आणि हा गैरसमज इंधनाच्या बाबतीत महाग पडतो. ८० नॉटचं विमान ४० सागरी मैल जाऊन परत येतंय. निवांत हवेत एक तास. ४० नॉटच्या वाऱ्यात जाताना जमिनीवरचा वेग ४०, म्हणजे एक तास. येताना १२०, म्हणजे २० मिनिटं. एकूण एक तास वीस मिनिटं. वाऱ्याविरुद्ध आपण जास्त वेळ काढतो, म्हणून त्याचा तोटाही जास्त वेळ सोसतो. लांब पल्ल्याला समोरचा वारा असेल तर हळू जाऊन इंधन वाचत नाही. थोडं वेगाने गेलेलं बरं. ग्लायडर उडवणारे ढोबळमानाने वाऱ्याच्या निम्मा वेग वाढवतात.

डोंगराजवळ करून पाहावं का?

नको. डोंगराच्या आडोशाच्या बाजूला हवा खाली कोसळते आणि गुंडाळली जाते. हळू उडणाऱ्या विमानाकडे त्यातून निसटायला ना वेग असतो ना शिल्लक शक्ती.

पहिल्यांदा करायचं तर दिवस कसा निवडावा?

शिक्षक सोबत हवा, आणि त्याने त्याच विमानावर स्टॉलचा भरपूर सराव केलेला असावा. सकाळची वेळ बरी, कारण ऊन चढलं की हवा वरखाली उसळू लागते. वरच्या वाऱ्याचा अंदाज बघा: ३,००० फुटांवर जोराचा वारा आणि जमिनीवर मध्यम, झोतांशिवाय, असा दिवस हवा. विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारी खांबावरची कापडी पिशवी, पाच मिनिटं बघत उभे राहा. ती एका उंचीवर ताठ असेल तर चांगलं. फुगतेय, पडतेय, भिरभिरतेय तर विमान शेडमध्येच ठेवा.

वर गेल्यावर आधी खाली आणि मागे बघा, कारण तुम्ही मागे सरकणार आहात आणि मागून कुणी येत असेल तर ते दिसत नाही. स्टॉल झाला तरी जमिनीपासून १,५०० फुटांच्या वर सावरून झालेलं असेल, एवढी उंची हाताशी ठेवा. वेग एकदम न पाडता टप्प्याटप्प्याने कमी करा आणि प्रत्येक टप्प्यावर ट्रिम लावा, म्हणजे स्टिकवरचा हाताचा ताण कमी होईल. विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणाऱ्या यंत्रातला बॉल मध्यभागी ठेवा. भोंग्याचा पहिला सूर आला की तिथेच थांबा, त्याखाली जाण्याची गरज नाही. तेवढ्या वेगात जागेवर उभं राहता येत नसेल तर वारा पुरेसा नाही, दुसऱ्या दिवशी या. परतीची उतराई आधीच ठरवून ठेवा: कोणती धावपट्टी वाऱ्याच्या सर्वात सरळ रेषेत आहे, वारा वाढला तर दुसरं मैदान कोणतं, तिथवर पुरेल एवढं इंधन आहे का, आणि उतरल्यावर पंख धरायला कोण येणार आहे.